आज्जीच्या खिडकीतला कोअर झोन

प्रश्न : बाई, नमस्कार. मी परभणीची, वय 36. घरी शिवणकाम करते. आमचे हे मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत. मुलगी 10 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. ब्लाऊजच्या शिलाईतून दोन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि यंदा मे महिन्यात ताडोब्याला जायचं नक्की केलं. मोहर्ली गेटची सफारी बुक केली, नंदीग्राम एक्स्प्रेसची तिकिटं काढली, 8×42 ची दुर्बीण मागवली. जंगलात भडक कपडे चालत नाहीत म्हणून एकाच ताग्यातले चार खाकी शर्ट मी स्वतः शिवले. निघायला नऊ दिवस असताना सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता घरी आहेत. वॉकर धरून चार पावलं टाकतात, बाकी दिवसभर पलंगावर. सहल रद्द केली. मुलगी दोन दिवस रडली. मुलगा रोज सकाळी उठला की विचारतो, "आज गाडी हाय का?" हे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष कुणी बघितलंय? शर्ट ट्रंकेत ठेवलेत, ट्रंक उघडली की पोटात कालवतं. सासूबाई सारखं म्हणतात, "माझ्यापायी लेकरांचं गेलं." ते ऐकून मला राग येतो आणि राग आला म्हणून लाज वाटते. शेजारीण म्हणाली, मोबाईलवर वाघाचे व्हिडिओ लावून दे. लावले. दहा मिनिटांत दोघं कार्टूनवर गेली. तुम्ही आयुष्यभर लेकरांत राहिलात. घरातल्या घरात लेकरांचं मन कसं रमवू?

उत्तर : तुमचं मूळ पत्र इथे छापलंय त्याच्या तिप्पट होतं. ते मी दोनदा वाचलं आणि मग मास्तरणीची खोड म्हणून लाल पेन घेऊन ओळी मोजल्या. लेकरांवर सहा ओळी. दुर्बीण, शर्ट, गेट, तिकिटं आणि ट्रंक यांवर दीड पान.

तेव्हा आधी एक कबूल करून टाकू. लेकरांना ताडोब्याला जायचं होतंच, पण सगळ्यांत जास्त तुम्हाला जायचं होतं. त्यात लाजायचं काय? दोन वर्षं मशीन तुम्ही मारलीय. मे महिनाही तुम्ही बरोबर धरला होता. तेव्हा रान वाळलेलं असतं, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि वाघाला तिथे यावंच लागतं. हे ज्या बाईनं शोधून काढलं तिला वाघ बघायची हौस नव्हती असं कोण म्हणेल?

आणि तुमच्या मुलाचं वाक्य परत वाचा. तो "आज गाडी हाय का" म्हणतोय, "वाघ हाय का" म्हणत नाही. त्याला उघडी जिप्सी हवी होती. ते दुखणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, त्याच्याकडे येतेच.

मन रमवण्याचं म्हणाल तर तिथे मी एकदा सपशेल आपटलेय. नातू पुण्याहून सुट्टीला अंबाजोगाईला आला होता. मी आपली निवृत्त झाले तरी टाचण काढल्याशिवाय हलत नाही. बारा पक्ष्यांची यादी केली, पुढे चौकोन आखले, दिसला की टिक. बुलबुल, साळुंकी, होला... पाचव्या टिकेला कार्टं म्हणालं, "आज्जी, ही परीक्षा आहे का?" झालं. यादी तिथेच राहिली आणि मी तणतणत आत भाकरी थापायला गेले.

बराच वेळ बाहेर आवाज नाही. लेकरू गप्प झालं की शाळेत आम्ही आधी धावायचो. बाहेर येऊन बघते तर ओसरीच्या कडेला, पावसाचं पाणी जिथे पोचत नाही तिथल्या फुफाट्यात हा पालथा पडलेला. तोंडासमोर रुपयाच्या नाण्याएवढे सात-आठ खळगे, नरसाळ्यासारखे, कड अगदी आखल्यासारखी. "आज्जी, हा खड्डा माती फेकतोय!"

मी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि त्याच्या शेजारी पालथी झाले. वय तेव्हा 64. एक काळी मुंगी खळग्याच्या कडेवर आली. पाय सरकला. ती वर चढायला लागली की तळातून मातीचा बारीक फवारा यायचा, पायाखालची माती निसटायची आणि ती पुन्हा खाली. तीनदा झालं. चौथ्यांदा तळातून दोन वाकडे चिमटे वर आले, मुंगी थरथरली आणि मातीत गेली. मग काहीच नाही. आम्ही दोघं श्वास धरून. बऱ्याच वेळानं तळातून एक हिसका आला आणि मुंगीचं वाळकं टरफल कडेबाहेर येऊन पडलं. आतून करपल्याचा वास यायलाय, भाकरी तव्यावर कोळसा झालेली, आणि मला काही केल्या उठता येईना. शेवटी आमच्या ह्यांनी दोन्ही हात धरून उभं केलं. हसत होते ते अजून आठवलं की राग येतो.

हा मुंगीसिंह. चतुरासारखे पंख असलेला एक नाजूक कीटक असतो, त्याची ही अळी. ती मागे मागे चालते, गोल गोल फिरत डोक्यानं माती उडवते आणि खळगा करते. सावज चिमट्यात धरून त्यातला रस ओढते आणि टरफल फेकून देते. अळी असेपर्यंत ती शी करत नाही, सगळं पोटात साठवते. एवढं नातवाला सांगितलं आणि बारा पक्ष्यांनी जे केलं नव्हतं ते झालं. पोरगं तीन दिवस त्या ओसरीवरून हललं नाही. अजूनही फोन केला की मला कशी आहेस विचारायच्या आधी विचारतो, "खड्डे आहेत का?"

मी पालथी पडले म्हणून ते जमलं. यादी धरून उभी राहिले असते तर नसतं जमलं. मोठं माणूस "तुम्ही खेळा, मी बघते" म्हणालं की लेकरांना लगेच कळतं, हे आपल्याला गुंतवून ठेवायलेत. तेव्हा ट्रंक उघडा, चारही शर्ट काढा आणि पहिला तुम्ही घाला. सफारी तुमची, लेकरं तुमच्यासोबत.

आता गाडी. तुम्ही लिहिलंय की गच्चीवर जुनी बाज पडून आहे. तीच जिप्सी. ड्रायव्हर सहा वर्षांचा. स्टेअरिंगला जुनी चाळणी द्या किंवा ताटली, त्याचं तो बघेल. पण नियम जंगलाचे पाळायचे, त्यात हयगय नाही. पहाटे साडेपाचला गेट उघडणार, उशीर झाला तर गेट बंद. बाजेवरून खाली पाय टेकवायचा नाही. बोलायचं ते कुजबुजत. मोबाईल गेटवर जमा, तुमचाही. साडेसातला परत, कारण परभणीचं ऊन त्यानंतर कुणाला सोडत नाही, आणि खरी सफारीही ऊन चढलं की संपतेच. दुसरी फेरी संध्याकाळी सहानंतर. पासाशिवाय प्रवेश नाही, आणि पास आज्जीच्या सहीचा. डब्यात धपाटे आणि दही. पहिल्या दिवशी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, नेऊ नका, ते सांडतात आणि कावळ्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही.

मुलगी 10 वर्षांची आहे, तिला हे पोरखेळ वाटेल. वाटू द्या. तिला दुर्बीण द्या. 8 म्हणजे आठपट जवळ आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, हे तिचं तिला खोक्यावरून शोधू द्या. दुर्बीण सूर्याकडे कधी वळवायची नाही, हा एकच धाक घाला. आणि एक गंमत दोन दिवस राखून ठेवा. दुर्बीण उलटी धरायची, म्हणजे मोठ्या भिंगातून बघायचं आणि डोळ्याला लावायची बाजू मुंगीच्या अगदी जवळ न्यायची, बोटभर अंतरावर. मुंगी हत्तीएवढी होते. जवळ-लांब करत एक जागा सापडते जिथे तिच्या पायावरची लव दिसते. भिंतीवर तो पिटुकला कोळी असतो बघा, जाळं न करता उड्या मारत शिकार करणारा. त्याला आठ डोळे, समोरचे दोन टपोरे. तुम्ही जवळ गेलात की तो पळायच्या आधी वळून तुमच्याकडे बघतो. वाघानं वळून बघितलं म्हणून लोक वर्षभर सांगत फिरतात. हा कोळी रोज बघतो.

आता सासूबाई.

राग येतो म्हणालात. येऊ द्या. माझी सासू आजारी पडली तेव्हा माझी मुख्याध्यापकाची बढती दोन वर्षं लांबली. मी तिचं सगळं केलं आणि रागही केला, दोन्ही एकाच हातानं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण त्या पलंगावर पडून "माझ्यापायी" म्हणतात ना, त्यावर "असं काही नाही हो" म्हणत बसू नका. त्यांना काम द्या. त्यांना गाईड करा.

जंगलात वाघ डोळ्यांआधी कानांना कळतो. जो जाऊन आलाय त्याला विचारा, गाईड निम्मा वेळ गाडी बंद करून नुसता ऐकत असतो. चितळ ओरडलं, सांबर ओरडलं, झाडावरून वानर खोकलं की तो म्हणतो, "कॉल चालू आहे." म्हणजे वाघ नाहीतर बिबट्या कुठेतरी हललाय. हेच्या हे तुमच्या गल्लीत रोज होतं. दुपारी सगळं सामसूम असताना खार शेपटी झटकत एकसारखी चिक्-चिक् करायला लागते, सातभाई कलकलाट करत एकाच झुडपाभोवती जमतात, साळुंक्या पिसं फुगवून ओरडतात. खाली बघा, बोका निघालेला असतो. किंवा मुंगूस. कधी कधी साप, म्हणून बाजेवरून पाय खाली टेकवायचा नाही हा नियम अंगणातही पाळा. कोतवाल पक्ष्यानं कावळ्याचा पाठलाग चालवला असेल तर समजायचं, याचं घरटं जवळ आहे.

दिवसभर खिडकीशी पडून असलेल्या माणसाइतके कॉल कुणाला ऐकू येणार? आणि त्या पिढीतल्या बायकांना आवाज कळतात. तुमच्या सासूबाईंना विचारून बघा, पावशा बोलला का यंदा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणणारा तो पक्षी दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि मे सरता सरता शेतकऱ्याच्या घरातलं माणूस कामातून मान वर करून त्याचा कानोसा घेतं. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, असंही त्या सांगतील. खरं-खोटं राहू द्या, पोरांना टिटवीची अंडी शोधावीशी वाटली तर बिघडलं कुठे? तेवढं बजावा, ती उघड्या जमिनीवर खड्यांत घालते आणि खड्यांसारखीच दिसतात. पाय जपून.

तुम्ही लिहिलंय की खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा लिंब आहे. पण पडल्या पडल्या त्यांना छतच दिसत असणार. वाकून बघायला लावू नका, खुब्याच्या ऑपरेशननंतर वाकणं-वळणं किती चालतं ते डॉक्टरांनाच विचारा. पलंग फिरवता आला तर फिरवा. नाहीच तर खिडकीच्या चौकटीला एक हात-आरसा तिरका बांधा. तो नेमका कसा बसवायचा हा दोन्ही लेकरांचा अख्ख्या दुपारचा उद्योग. एक गजापाशी, एक आज्जीच्या उशाशी, "अजून वर, अजून वर, हां, फांदी दिसली!" चिमणी नाहीतर सातभाई त्या आरशात स्वतःला बघून भांडायला येतील, चोची मारतील. ते बघून झालं की आरसा थोडा वेळ झाका, नाहीतर बिचारे दिवसभर भांडतात. ही खिडकी तुमचा कोअर झोन, म्हणजे जंगलाचा आतला राखीव गाभा. गच्ची बफर, त्याच्याभोवतीचा पट्टा. लक्षात घ्या, गच्चीवर कुणीही जाईल, खिडकीत मात्र गाईडला विचारल्याशिवाय प्रवेश नाही.

आणि आज्जीला घंटी द्या, देवघरातली चालेल. कॉल आला की वाजवायची. पहिले दोन दिवस त्या लाजतील. तिसऱ्या दिवशी तुम्ही बटण लावत असताना वाजवतील आणि तुम्ही "आले, आले" म्हणून मशीन सोडून पळाल. नाही पळालात तर मला कळवा.

माझा वाघ विचाराल तर मी एकदाच ताडोब्याला गेले, नोकरीत असताना, तीन फेऱ्या केल्या. वाघ नाही. पुढच्या गाड्यांचा धुरळा भरपूर. तेवढ्यात गाईडनं एका झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे दाखवले, माझ्या डोक्याच्याही वर, आत लाकूड दिसेपर्यंत खोल. वाघानं नखं घासलेली. मी हात लांब करून बघितलं, पोचला नाही. घरी आले त्या संध्याकाळी आमची मांजर दाराच्या चौकटीला पुढचे पंजे लावून, पाठ ताणून तेच करत होती. ती चौकट मी सात वर्षं पुसत होते आणि ते ओरखडे मला कधी दिसले नव्हते. वाघाची मावशी म्हणतो आपण, नुसतं म्हणतो.

म्हणून रात्रीची सफारी मावशीची. झोपायच्या आधी मागच्या दाराबाहेर, उष्टं टाकता त्या वाटेवर, हातभर लांब-रुंद जागेत बारीक फुफाटा पसरा. जुन्या चाळणीनं चाळून घ्या, हात फिरवून सारखा करा, कडेला रांगोळीची रेघ. सकाळी कुणी झाडू मारायच्या आत चौघांनी उकिडवं बसायचं. मांजराच्या ठशात चार बोटं आणि मागे गादी, नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्र्याची नखं बोटांपुढे टोचलेली दिसतात. वाघाचा पगमार्क मांजरासारखाच, नखांशिवाय, फक्त हाताच्या पंजाएवढा. पूर्वी वनखात्याची माणसं काचेवर असे ठसे गिरवून आणि प्लास्टरचे साचे करून वाघ मोजायची. आता कॅमेरे लावतात आणि पट्टे जुळवतात, कारण एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. फुफाट्यात बारीक टिंबांची माळ आणि मधोमध ओढलेली रेघ दिसली तर उंदीर नाहीतर चिचुंद्री, रेघ शेपटीची. ठशाशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून मुलीला चित्र काढायला लावा, तारीख घालून. ती पोरखेळ म्हणत होती ना? आठवडाभरात "हा कालचाच बोका, डावा पाय वाकडा टाकतो" म्हणायला लागेल.

एक गोष्ट तुमच्या ह्यांना सांगा, पुढचं वर्ष पुढचं वर्ष करायलेत म्हणून. 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरणा नर वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. शेतं, ओढे, रस्ते ओलांडत तो तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून गेला आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 1,300 किलोमीटरच्या वर चालला, बहुतेक रात्रीचा. 2024 च्या अखेरीला आणखी एक वाघ टिपेश्वरहूनच धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात आला, कॅमेऱ्यात सापडला. तुम्ही वाघाकडे निघाला होतात आणि वाघ आपल्याच मुलखात फिरून गेले. मराठवाड्याचा नकाशा जमिनीवर खडूनं काढा, घरातल्या वस्तूंची गावं करा. शिलाई मशीन हिंगोली, रांजण नांदेड, सासूबाईंचा पलंग येडशी. मुलगा वाघ. नियम एकच, कुणाला दिसायचं नाही. दिसला की परत टिपेश्वर. माझ्या वर्गात हा खेळ लावला असता तर भूगोलाचा पेपर कुणाचा गेला नसता, पण तेव्हा तो वाघ निघालाच नव्हता.

एक सांगून ठेवते. काही सकाळी काहीसुद्धा दिसणार नाही. पोरं कंटाळतील. तेव्हा घाबरून मोबाईल देऊ नका आणि नवा खेळ काढू नका. बाजेवर पडून राहा. "आज साइटिंग नाही" असं कोऱ्या वहीत लिहा आणि खाली या. ताडोब्यातही लोक हेच लिहून परत येतात, फक्त पैसे भरून. बुकिंगचे किती परत आले ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही.

पौर्णिमा आली की मात्र एक रात्र जागा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री जंगलात पाणवठ्याशेजारी मचाणावर माणसं बसवतात आणि चांदण्यात पाण्यावर कोण कोण आलं ते नोंदवतात. तुमची ती पौर्णिमा हुकली असेल तर पुढची धरा. गच्चीच्या कठड्याशी पाण्याची परात, आपण बाजेवर, बोलायचं नाही. पिंगळा येईल, वटवाघळं जातील, बोका पाणी पिऊन जाईल. मुलगा साडेनऊला झोपेल, मुलगी अकराला. त्यानंतर दुर्बीण तुमची. चंद्रावर धरा, काळे डाग दिसतात. आणि चंद्र अर्धा असेल तेव्हा पुन्हा धरा. खड्डे दिसतात.

प्रश्न : मी नांदेडचा, निवृत्त आहे. गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो, प्लॅस्टिकचा खोल डबा आहे. पंधरा दिवस झाले, एकही पक्षी येत नाही. नातवंडं हसतात.

उत्तर : डबा खोल आहे म्हणून येत नाहीत, काका. चिमणीला त्यात उतरता येत नाही आणि पडली तर वर येता येत नाही. मातीची पसरट परळ घ्या, पाणी दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड, पाण्याच्या वर डोकं राहील असा. जागा सावलीतली, जवळ एखादी फांदी बसायला, पण मांजराला दबा धरता येईल अशी अडगळ जवळ नको. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच घरी. नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल तर तांदूळ धुतलेलं वापरू नका, आंबतं. चार तांबे साधं बाजूला ठेवा. आणि ठेवल्या ठेवल्या समोर खुर्ची टाकून बसू नका. आधी होला येईल, तो धीट. मग बाकीचे. नातवंडं हसतात म्हणता, म्हणजे बघायला वर येतात तर!

प्रश्न : बाई, मी उदगीरला चौथीत आहे. आमच्या ट्यूबलाइटमागं पाल राहते. मला ती पाळायची आहे. आई म्हणते विषारी असते, दुधात पडली तर माणूस मरतो. खरं का?

उत्तर : आईला माझा नमस्कार सांग आणि सांग की आपल्या घरातली पाल विषारी नसते. दूध मात्र फेकून द्यायचं, कारण तिच्या अंगावर आणि विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. हात लावलास तर साबणानं धू. पाळायची म्हणजे बरणीत घालायची का? नको. ती छताला उलटी का पडत नाही ते बरणीत दिसणार नाही. तिच्या बोटांखाली पट्ट्या असतात आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक केस, ते भिंतीला धरतात. खिडकीच्या काचेवर ती बाहेरून चढली की आतून बोटं बघ, तिथे पट्ट्या दिसतात. तिला पापण्या नाहीत, जिभेनं डोळा पुसते. मी हे पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं, तुला चौथीतच दिसेल. रात्री दिवा लागल्यावर दहा मिनिटं बस आणि तिनं किती किडे धरले ते मोज. ट्यूबच्या पट्टीमागे शेंगदाण्याहून लहान दोन पांढरी अंडी चिकटलेली दिसली तर काढू नको आणि आईला त्या कोपऱ्यात झाडू घालू देऊ नको. पिल्लू बाहेर आलं की तारीख लिहून पाठव.